दोन चित्रांतले बाण

घरात त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. शिकवायला तो कधी कुठे गेला नव्हता. पण भाजीत मीठ कमी पडलं तरी आलेख काढून दाखवेल, असा त्याचा स्वभाव. वहिनींच्या कारखान्यात वारा मोजायचं काम निघालं तेव्हा भावानेच मोठ्या कौतुकाने त्याचं नाव पुढे केलं.

वहिनी त्या शिलाई कारखान्यात यंत्रांचं काम बघायच्या. तिथल्या इस्त्रीच्या हॉलमध्ये वाफेने बायकांना भोवळ यायची. वहिनींनी मालकांच्या मागे लागून वाफ बाहेर काढणाऱ्या जुन्या नळाच्या जागी रुंद पत्र्याचा नळ आणि मोठा पंखा बसवायची परवानगी मिळवली. मालक म्हणाले, बसवा, पण फरक पडला हे दाखवा, नाहीतर उतरवा.

प्रोफेसरने नळ बदलण्याआधी आणि बदलल्यावर, दोन्ही वेळा हॉलभर वारा मोजला. आकडे प्रोग्रॅमिंगच्या लायब्ररीला, म्हणजे संगणकातल्या तयार प्रोग्रॅमच्या संचाला, दिले की ती जागोजागी बाण काढते. बाण जिकडे, वारा तिकडे. बाण जितका लांब, वारा तितका जोराचा. दोन सुंदर चित्रं निघाली, आणि दोन्हीतले बाण सारखेच. इतकं देखणं चित्र समोर असताना आकडे कोण वाचत बसतो? मालकांसमोर, वहिनींच्या देखत, त्याने ठासून सांगितलं की काहीही फरक नाही. वहिनी चित्राकडे बघत राहिल्या, आणि मालकांनी नळ उतरवायला सांगितलं.

मग आपलं काम स्वतःच्या ऑफिसातही मिरवावं म्हणून त्याने दोन्ही चित्रांच्या कोपऱ्यात नमुन्याचा बाण टाकला, एकाच वेगाचा. जुन्या नळाच्या चित्रात तो बोटभर आला, नव्याच्या चित्रात जेमतेम नखाएवढा. प्रोफेसरने लायब्ररीची माहिती उघडून वाचली. माप सांगितलं नाही, तर बाण कागदावर नीट मावावेत म्हणून लायब्ररी प्रत्येक चित्राचं माप आपलं आपण ठरवते. नव्या नळाचा वारा कितीतरी जोराचा होता, आणि चित्रात तो आखडून बसला होता.

कारखान्यात पोचेपर्यंत त्याने सबब तयार केली: लायब्ररीच तशी आहे. नाचता येईना, अंगण वाकडं!

हॉलमध्ये वाफ कोंदली होती. वहिनी शिडीवर उभ्या राहून नळाचा शेवटचा तुकडा सोडवत होत्या. मालकांनी सांगितलं म्हणून दुसऱ्या कुणावर न सोपवता स्वतःच. त्यांना बघून त्याने सबब सांगितलीच नाही. त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

वहिनी खाली उतरल्या, हात पुसले.

"वारा माझ्या तोंडावर लागत होता, भावजी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, मी बसवलाय म्हणून मला तसं वाटत असेल."

"तुम्ही मला विचारायचं होतं, वहिनी."

"तुम्ही मोजलेलं, मग काय विचारायचं?" त्यांनी इस्त्रीच्या टेबलांकडे बघितलं. "या सगळ्याजणी म्हणत होत्या, आता बरं वाटतंय. मीच सांगितलं त्यांना, भास आहे तुमचा."

मालकांकडे जायला तो लगेच तयार होता. वहिनी म्हणाल्या, मालकांकडे मी येते बरोबर, पण आधी या बायकांना सांगा, तो भास नव्हता. मग त्याला पहिल्या टेबलापाशी नेऊन त्यांनी तिथल्या बाईला हातातली इस्त्री जरा ठेवायला सांगितलं. बाईने घाम पुसला आणि ती आता हे साहेब काय सांगणार म्हणून आदराने त्याच्याकडे बघत उभी राहिली.