उजवीकडचा केस

उजवीकडे दुसरा केसच नव्हता.

भिंगकाकांनी डोळे वर काढले, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकले. डावीकडे दोन केस, एकामागे एक, स्वच्छ दिसत होते. उजवीकडे एकच. त्यांनी उजेड कमी केला, वाढवला, चकती फिरवून सगळ्यांत मोठं भिंग आणलं. केस तुटला असेल म्हणून त्याच्या बुडाची खळगी शोधली. केस गळला तरी खळगी जागेवर राहते. खळगीही नव्हती. म्हणजे तिथं केस कधी उगवलाच नव्हता.

"मेलो," भिंगकाका स्वतःशीच म्हणाले.

आता एका किड्याच्या एका केसापायी एवढं मरायला काय झालं, असं कुणीही विचारेल. तर वटवाघळाच्या पंखावर एक बारीक जीव राहतो. गोचिडीची चुलत बहीण म्हणा. मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा, आठ पायांचा, पंखाच्या कातड्याला घट्ट चिकटून रक्तावर जगणारा. माइट म्हणतात त्याला. त्याच्या जाती पुष्कळ, आणि एक जात दुसरीपासून ओळखायची ती मुख्यतः अंगावरच्या केसांवरून. पाठीवर किती, पोटावर किती, मागच्या टोकाला किती. असले केस मोजत बसणारी माणसं जगात थोडी, आणि ते केस कागदावर उतरवणारी त्याहून थोडी. प्राणिशास्त्र विभागात भिंगकाका एकतीस वर्षं तेच करत होते. कागदोपत्री पद चित्रकार. पण लग्नपत्रिकासुद्धा भिंग लावून वाचणाऱ्या माणसाला चित्रकार कोण म्हणणार? शिपायापासून विभागप्रमुख मॅडमपर्यंत सगळे भिंगकाकाच म्हणत.

या कामाची एक रीत आहे. किड्याचं अंग दोन्ही बाजूंनी सारखं असतं, म्हणून चित्रकार एकच बाजू काढतो, मग पारदर्शक कागद उलटा करून दुसरी गिरवतो. यात लबाडी काही नाही, सगळेच तसं करतात. मात्र गिरवून झाल्यावर दुसरी बाजूही भिंगाखाली पडताळून बघायची असते. काका ते न चुकता करत.

या एकाच वेळी जमलं नव्हतं. विभागातल्या विद्यार्थिनीनं गुहेत जाळं लावून एक वटवाघूळ धरलं, पंख उलगडून चिमट्यानं हा किडा काढला आणि वटवाघूळ सोडून दिलं. पुढं दोन वर्षं शोधूनही तिला तसा दुसरा मिळाला नाही. नमुना हा एवढाच. स्लाइडवर बसवताना त्याच्या मागच्या टोकाची उजवी कड जरा दुमडली आणि काळपट राहिली.

"काका, उजवीकडचं नीट दिसत नाहीये," मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या.

"डावीकडच्यासारखंच असणार, मॅडम. एकतीस वर्षांत कधी वेगळं निघालेलं नाही."

मॅडमनी मान डोलावली. अशा किड्यांच्या नेहमी सापडणाऱ्या जातीला टोकाशी दोन्ही बाजूंना एकेक केस असतो, याला दोन-दोन होते. निदान चित्रात होते. नवी जात ठरली. लेख लिहून झाला, परीक्षकांनी वाचला, मासिकानं स्वीकारला. आठ महिन्यांनी संपादकांनी एवढंच कळवलं, की ते टोक वेगळं आणि मोठं काढून पाठवा. म्हणून काकांनी आज स्लाइड पुन्हा काढली. काचेवरच्या त्या डिंकासारख्या द्रावणात किडा हळूहळू आरपार होत जातो. आठ महिन्यांत काळपटपणा गेला होता, आणि जे होतं ते दिसत होतं.

एवढंच असतं तर काकांनी कपाळाला हात लावला असता आणि तसेच उठून मॅडमकडे गेले असते. पण या किड्याला नाव दिलेलं होतं.

लेख लिहायला घेतला तेव्हा मॅडम त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या होत्या, "काका, इतकी वर्षं आमच्या जातींना हातपाय तुम्हीच दिलेत. वर्षा-दीड वर्षावर निवृत्ती आली. ही जात तुमच्या नावानं ठेवू या."

काका लाजले. मग जरा थांबून म्हणाले, "माझं नको. मुलीचं चालेल का?"

मॅडम अकरा वर्षं त्यांच्याबरोबर काम करत होत्या. काकांना मुलगी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"चालेल की. केवढी आहे?"

"सहा वर्षांची," काका म्हणाले. "म्हणजे सहाचीच राहिली. चोवीस वर्षं झाली आता."

तिला घरात चिमी म्हणत. शाळेत लावलेलं नाव वेगळं होतं, पण त्या नावाला ती ओ द्यायची नाही. तीन दिवसांच्या तापानं गेली. तेव्हापासून काकूंनी चिमी हे नाव तोंडातून काढलेलं नव्हतं. काकू घरी बसून रफू करायच्या, लोकांचे कोट, शाली, महागाचे कपडे. शेजारच्या घरात एका बाईनं आपल्या मुलीला चिमे म्हणून हाक मारायला सुरुवात केली, तेव्हा काकूंनी शिवणाचं मशीन त्या खिडकीपासून हलवून आतल्या खोलीत नेलं. नवराबायकोत त्यावर एक अक्षर बोलणं झालं नाही.

काकांनी नव्या जातीचं नाव कागदावर लिहून त्यांच्यापुढं ठेवलं, तेव्हा काकूंनी ते बोट ठेवून वाचलं.

"चिमीए. हा शेवटी ए कसला?"

"लॅटिनमधला आहे. बाईमाणसाच्या नावावरून ठेवलं की लावतात."

"चिमी, ए," काकू हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जेवायला हाक मारल्यासारखं वाटतंय."

आणि त्या रडल्या. काकाही रडले. चोवीस वर्षांत दोघं एका वेळी, एका खोलीत कधी रडले नव्हते. एक रडायला लागलं की दुसरं आपलं स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी करत बसे.

त्यानंतर काकू बदलल्याच. ट्रंकेच्या तळाशी पुरलेला फोटो वर आला, चौकटीत बसला, भिंतीवर लागला. बहिणीला फोन गेला, "आमच्या चिमीचं नाव छापून येणार आहे. जगात जिथं जिथं हे शास्त्र शिकवतात तिथं तिथं. अगं, कायमचं असतं ते, पुसत नाहीत." बहीण म्हणाली, किड्याला कसलं गं नाव देता? तर काकूंनी तिलाच झापलं, "तुला काय कळतंय त्यातलं?" रोज संध्याकाळी काका घरात पाऊल टाकतात तोच प्रश्न यायचा, "आलं का?"

आणि इथं उजवीकडे दुसरा केस नव्हता.

काका गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. नमुना एक, तो त्यांच्या ताब्यात, आणि तो पुन्हा काढून बघायला कुणी उठून येणार होतं अशातला भाग नाही. खोटं कशाला बोला, काकांनी हा विचार तासभर केला. नुसता केला नाही, कागद ताणून लावला आणि टोकाचं मोठं चित्र काढायलाही घेतलं. डावीकडचे दोन केस झोकात उतरले. उजवीकडचा पहिलाही झाला. दुसऱ्यासाठी पेन टेकवलं आणि हात पुढं जाईना. चिमीचं नाव ज्या केसावर टांगायचं तो केसच आपण पदरचा घालायचा, हे त्यांच्यानं होईना. त्यांनी पेनला टोपण लावलं आणि मॅडमना बोलावून आणलं.

मॅडम बराच वेळ बघत होत्या.

"खळगी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग हा नेहमीचाच झाला."

"नेहमीचाच. डावीकडे एक केस जास्तीचा आलाय, एवढंच. एखाद्या माणसाला सहावं बोट असतं तसं."

मॅडम शेजारच्या खुर्चीत बसल्या. त्या रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. "चूक माझीच आहे," त्या म्हणाल्या. "मी अडून बसायला हवं होतं. पण तुम्ही म्हणालात म्हणून..." आणि त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. ते सुटलेलं वाक्य काकांना फार लागलं.

"त्या पोरीचा पहिलाच लेख होता," मॅडम जरा वेळानं म्हणाल्या. "तिला मी सांगते. तुमच्या घरी माहीत आहे?"

"घरी काय, तिनं सगळ्या गोतावळ्याला सांगितलंय."

"काका, पुढं कधी काही नवं मिळालं, तर मी लक्षात ठेवीन."

"राहू दे मॅडम," काका म्हणाले. "दोनदा नाही जमायचं मला."

मॅडमनी त्यांच्यासमोरच संपादकांना पत्र लिहिलं. लेख मागं घेत आहोत, नमुना ज्ञात जातीचाच आहे, निरीक्षणात चूक झाली. पाच ओळी. ते पत्र जाईपर्यंत काका टेबलाशी उभे राहिले.

संध्याकाळी त्यांनी दारातच, पायांतले बूट न काढता सांगून टाकलं. काकू एका कोटाचं कोपर रफू करत होत्या. त्यांची सुई थांबली.

"एका केसासाठी?"

"हो."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"मग कशाला सांगायला गेलात?"

काकांनी केस, खळगी, नेहमीची जात, सगळं समजावून सांगायला सुरुवात केली. काकूंनी ते अर्ध्यावर तोडलं. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"आज बरं तोंड उघडलंत. तेव्हा डॉक्टर म्हणाले, साधा ताप आहे, घरी घेऊन जा. मी तुमच्याकडे बघत होते. तिची मान धरत नव्हती, तुम्हालाही दिसत होतं. तुम्ही नुसती मान डोलावलीत आणि तिला उचललंत. तेव्हा बोलायचं होतं ना."

हे वाक्य त्या घरात चोवीस वर्षं होतं. ते कधीतरी येणार हे काकांना माहीत होतं आणि येईल म्हणून ते भीत आले होते. त्यात खोटं काहीच नव्हतं. ते तसेच बूट घालून खुर्चीवर बसले. काकूंनी कोट बाजूला ठेवला आणि उठून आत गेल्या. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

सकाळी काका निघायला लागले तर काकू पर्स खांद्याला लावून दाराशी तयार.

"मला दाखवा ते."

"काय?"

"तो केस आहे का नाही ते. तुमचे डोळे म्हातारे झालेत. मी अजून चष्म्याशिवाय दोरा ओवते."

काकूंनी विभागात कधी पाऊल टाकलं नव्हतं. काकांनी त्यांना स्वतःच्या स्टुलावर बसवलं, स्लाइड लावली, कुठं फिरवायचं ते दाखवलं. सुईची सवय असलेला हात, दोन मिनिटांत सरावला. काकूंनी श्वास रोखून पाहिलं. एकदम ताठ झाल्या.

"आहेत की. उजवीकडे दोन आहेत. अहो, मी मोजले, दोन आहेत."

काका स्टुलाशी वाकले. बोलणं जिवावर आलं होतं.

"ते डावं आहे गं," ते म्हणाले. "यातून डावं-उजवं उलटं दिसतं."

काकूंनी मान हलवली नाही. बोटांनी स्लाइड हळूच सरकवली, त्या दुसऱ्या बाजूला गेल्या.

"खळगी म्हणालात ती कशी असते?"

"बारीक गोल. मध्ये ठिपका. ज्या बाजूला दोन आहेत तिथं बघ, म्हणजे कळेल."

त्यांनी तिथं बघून घेतलं. मग परत या बाजूला आल्या आणि काठाकाठानं शोधू लागल्या, शालीत सुटलेला धागा शोधावा तशा. बाहेर माणसं यायला लागली. मॅडम दारापर्यंत आल्या आणि दोघांना बघून आल्या पावली मागं गेल्या. काकांनी दरम्यान स्लाइडसाठी नवी चिठ्ठी लिहिली. नेहमीच्या जातीचं नाव, गुहा, तारीख. खाली, डावीकडे एक केस जास्त.

"नाहीये हो," शेवटी काकू म्हणाल्या.

"नाही."

"उगवलाच नाही."

"नाही."

काकूंनी डोळे वर काढले नाहीत. काकांनी कपाटातून नेहमीच्या जातीची पेटी आणली. आत एकसारख्या स्लाइडी उभ्या लावलेल्या होत्या आणि मध्ये एक खाच रिकामी होती.

"निघायचं का? मी सोडतो तुला घरी."

"थांबा जरा," काकू म्हणाल्या. "केवढीशी आहे. कातडी तर किती पातळ. आतलं सगळं दिसतंय."

काका पेटी उघडी धरून त्यांच्या मागं उभे राहिले. घाई नव्हती.