सखूबाईंची खाज

ऐरोलीच्या मार्केटात मासळी विकणाऱ्या सखूबाईंना नको त्या जागी खाज सुटली. त्यांनी ते फक्त सुनेला सांगितलं, तेही भाकऱ्या थापताना, मान वर न करता.

"पान्यात बसून होतं गो. जरा मलम आन."

नमिता महाप्याला एका कंपनीत होती. येताना तिने मेडिकलमधून ट्यूब आणली. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा सुरू. नाक्यावरच्या डॉक्टरांनी गजकर्णाच्या गोळ्या लिहून दिल्या. सखूबाई तपासून घ्यायला लाजल्या, डॉक्टरांनीही आग्रह धरला नाही. ट्यूबा बदलत तीन वर्षं गेली.

मग एकदा कपडे धुताना नमिताला परकरावर रक्त दिसलं. ती हट्टाने सासूला वाशीला स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर भाविकांकडे घेऊन गेली. त्यांनी तपासलं. योनीच्या बाहेरच्या कातडीवर लाल चट्टा होता, त्यावर पांढुरके पापुद्रे. तिथला छोटा तुकडा काढून त्यांनी लॅबला पाठवला.

कॅन्सर निघाला.

"पॅजेट म्हणतात याला. क्वचितच होतो," डॉक्टर म्हणाल्या. "दिसतो थेट इसबासारखा. पहिल्यांदा मीही कदाचित मलमच दिलं असतं. पण मलमाने जात नाही म्हटल्यावर तुकडा तपासायला हवा होता. आता तो खोल उतरलाय. जांघेतल्या गाठींतही गेलाय."

रिक्षात नमिताला रडू आवरेना. "मला एकदा तरी दाखवायचं ना, आई!"

"तू कदी बगते बोललीस काय?" सखूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. एवढ्या ट्यूबा आणल्या, पण बघू का, असं आपण एकदाही विचारलं नाही, हे तिच्या मनातून जाईना.

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. पाय सुजायला लागले, बसवेना. मार्केटातली जागा सखूबाईंनी जावेला दिली. जखमेची पट्टी नमिताच बदलायची. सुरुवातीला त्या तोंडावर पदर ओढून घ्यायच्या.

मागच्या स्कॅनमध्ये पोटातही गाठ दिसली.

"आईला सांगू नको," नमिताचा नवरा हितेश म्हणाला.

नमिताने त्याच दिवशी सांगितलं. सखूबाई म्हणाल्या, "बरा केलास, बोललीस ते."