बापानं आवळलेलं चाक

लेक श्रद्धा गाडी घेऊन लांब कुठं निघणार असली की रघु आदल्या संध्याकाळी तिच्या गाडीची चाकं आवळायचा. कुणी सांगितलेलं नसे. पान्याच्या दांड्यात हातभर लोखंडी पाइप घालायचा, त्यावर पाय द्यायचा आणि सगळं अंग टाकायचा. बोल्ट कुरकुरला की मग त्याच्या जिवाला बरं वाटे. तरुणपणी तो विटांचा टेम्पो चालवायचा. एकदा उतारावर टेम्पोचं पुढचं चाक निखळलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत रस्ता सोडून भातखाचरात पळत गेलं. जीव वाचला, पण ते पळतं चाक त्याच्या नजरेतून काही गेलं नाही.

श्रद्धाची गाडी जुनी, दुसऱ्या हातची. आधीच्या मालकाला चाकांची भारी हौस. चोरांनी नेऊ नयेत म्हणून त्यानं प्रत्येक चाकाला एक कुलपाचा बोल्ट लावून घेतलेला. बाकीचे बोल्ट साध्या पान्यानं फिरत. हा फिरवायचा तर खास चावी लागे, पेरूएवढी, आतून बारीक दातांची. आधी बोल्टवर चावी बसवायची, मग चावीवर पाना. रघु तिलाही पाइप लावायचा. बारीक दातांवर अख्ख्या माणसाचं वजन.

त्या दिवशी बापलेक गोदूला आणायला निघाली होती. गोदू म्हणजे रघुची बायको. शेताच्या बांधावरून घसरून तिचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि उल्हासनगरच्या एका दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं होतं. आज सुट्टी मिळाली होती. पाय सरळ ठेवायचा असल्यानं रिक्षा चालणार नव्हती. दवाखान्यानं अँब्युलन्स देऊ केली, तर गोदूनं हात जोडले.

"मना ती नको. आडवी होऊन मी सोनिवलीत शिरनार नाय. गावानं ती गाडी बघितली की बाया चुली सोडून पदर डोळ्याला लावतील. माज्या लेकीची गाडी हाय. तिच्यात पुढं बसून येन."

एवढंच तिचं मागणं. आणि उल्हासनगरात शिरल्यावर कॅम्प नंबर तीनच्या बाजारात, जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत, डावं पुढचं टायर एका लोखंडी पट्टीवर गेलं आणि बाजूनं फाटलं.

श्रद्धानं गाडी कडेला घेतली, स्टेपनी काढली. साधे बोल्ट सैल करतानाच तिला घाम फुटला.

"बाबा, हे कोणी आवळलंय? राक्षसानं?"

रघु समोरच्या दुकानातल्या पँटी बघू लागला.

मग तिनं कुलपाच्या बोल्टवर चावी बसवली, पाना लावला आणि जोर दिला. 'टक्' आवाज झाला. चावी हातात आली, तिचे दात मात्र तांदळाच्या कण्यांसारखे रस्त्यावर सांडले.

दोघांनी त्या कण्यांकडे पाहिलं. मग श्रद्धानं बापाकडे पाहिलं.

"मीच आवळलं," रघु म्हणाला. "काल. पाइप लावून."

"दर वेळेला?"

"दर वेळेला."

ती रागावणार होती. पण त्याच्या चपलेच्या तळाच्या कडेला पाइपाची आडवी खाच पडलेली तिला दिसली, आणि ती टायरवाला शोधायला उठली.

गल्लीच्या टोकाला लछूचं टायरचं दुकान होतं. लछू सिंधी, वयानं रघुएवढाच, पोट पुढं आणि चष्मा कपाळावर. तो येऊन चाकापाशी उकिडवा बसला, बोल्टवर बोट फिरवलं.

"साईं, ये टाइट किया है या लग्न लावलंय?"

"निघंल ना?" रघुनं विचारलं.

"बघू. वरून जरा लहान गोटी, ही पान्याची पोकळ टोपी, ठोकून बसवतो. ती धरली तर फिरेल. पण डोकं तुटलं ना, तर मग वेल्डिंगवाला. तो आज शादी में गया है. कल सुबह."

उद्या सकाळ! श्रद्धाचा फोन वाजला. दवाखान्यातून नर्स बोलत होती. खाट दुसऱ्या पेशंटला द्यायची आहे, दिवे लागायच्या आत या, नाहीतर आम्ही अँब्युलन्सनं पाठवतो. मग फोन गोदूनं घेतला.

"काय गो बाय, कुठं अरकलीस?"

श्रद्धानं सांगितलं.

"तुज्या बापाशीच लगीन केलंय मी, मना काय सांगतंस? आमच्या घरातल्या एका बरनीचं झाकन मना उघरत नाय. लोनच्यासाठी शेजारनीला हाक मारावी लागते." फोनमधून तिचं हसू आलं. मग आवाज खाली गेला. "पन येशील ना? मी लुगरं नेसून बसलंय."

"येते गं आई. बसून राहा."

लछूनं गोटी बोल्टच्या डोक्यावर टेकवली आणि हातोडा घातला. गोटी घट्ट बसल्यासारखी वाटली. टॉमीचा लांब दांडा लावून त्यानं ओढलं, तशी ती निसटून नालीपाशी जाऊन पडली. रघुनं डोळे मिटले.

दुसरी गोटी आणखी लहान होती. ती ठोकायला बराच वेळ लागला. मग लछूनं एक गंमतच केली. सुटा करायच्या बोल्टला हातच लावला नाही. शेजारचे जे साधे बोल्ट श्रद्धानं सैल केले होते, तेच परत आवळायला घेतले.

"अहो, काढायचंय ना?" श्रद्धा म्हणाली.

"याच्या एकट्याच्या अंगावर सगळा भार आहे, बेटा. आजूबाजूच्यांनी थोडा घेतला की हा ढिला पडतो." आणि टॉमी त्यानं रघुच्या हातात दिली. "आता तू. झटका नाही मारायचा. जसं झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढतोस ना, तसं."

रघुनं आयुष्यभर लोखंडाला नुसतं बळ दाखवलं होतं. त्यानं दांडा धरला. खांदे आपोआप ताठ झाले.

"हळू, बाबा." श्रद्धा शेजारी बसली. तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

तो हळूहळू भार देऊ लागला. बोल्ट गप्प. गल्लीत शिलाई मशिनी घरघरत होत्या. ऊन समोरच्या माडीवर चढलं होतं. रघुला वाटलं आता तुटणार, आता डोकं हातात येणार. त्यानं आणखी दिलं, अगदी मुंगीच्या पावलानं. आणि लोखंड आतून करकरलं, जुनं दार उघडावं तसं. गोटी केसभर फिरली. मग बोटभर.

"आला!" लछू ओरडला. "अरे आला बाबा, आला!"

रघु तिथंच फुटपाथवर बसला आणि दोन्ही तळवे मांडीवर पुसत राहिला.

स्टेपनी चढवली. कुलपाच्या बोल्टच्या जागी लछूनं साधा बोल्ट दिला. बाकीच्या तीन चाकांचे कुलपाचे बोल्ट परवा काढू म्हणाला. श्रद्धा एकेक बोल्ट समोरासमोरचा धरून आवळू लागली. शेवटचा आवळून ती उठली, तोवर रघु डिकीतून पाइप घेऊन आला होता.

"बाबा."

"एकदाच. जरासा."

"माझ्या हातानं आवळलंय. मीच चालवणार आहे."

रघु पाइप हातात घेऊन उभा राहिला. चाकाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. मग तो पाइप त्यानं लछूच्या भंगाराच्या ढिगावर ठेवला, आणि गाडीत जाऊन मागच्या सीटवर बसला.

गोदू खरंच लुगडं नेसून, केसांत अबोली माळून खाटेच्या काठावर बसली होती. तिला पुढच्या सीटवर घेतलं, सीट मागं सरकवून पाय लांब केला. अंबरनाथ मागं पडलं तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. काच खाली करून ती वारा घेत राहिली. गोदू गावची धवलारीण. लग्नात तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नसे. इतके दिवस दवाखान्यात तिनं तोंडातून सूर काढला नव्हता. आता बदलापूरच्या अलीकडं तिनं घसा साफ केला.

"लेकीच्या चाकाला बाई, सोन्याची खीळ,
बापानं दिला गो तिला, मायेचा पीळ..."

ती पुढचं शोधत थांबली. मागून रघुचा आवाज आला, गाण्यासारखाही नाही आणि बोलण्यासारखाही नाही.

"सुटली गो खीळ आता, झाली घरची येळ."

श्रद्धानं आरशात बघितलं. बाप खिडकीबाहेर पाहत होता.

"जुळत नाय," गोदू म्हणाली. थोडा वेळ तिनं ती ओळ ओठातल्या ओठात घोळवली. "पन ऱ्हाऊदे. घेते मी."

आणि तिनं गाणं पहिल्यापासून धरलं.