काडीवरून काडीवर

कुठलीही मालिका तपासायला बसल्या की तेराशिमाबाई आधी डबा उघडायच्या. भात, भाजलेला मासा, अंड्याच्या गोडसर वड्या. ओसाकातल्या त्यांच्या वाहिनीची रविवार संध्याकाळची मालिका लोक घरोघरी जेवताना बघतात, मग ती जेवतानाच तपासायला नको? घास सुखानं उतरला तर मालिका कुटुंबासाठी, अडकला तर मध्यरात्रीनंतर. वरचे साहेब हसायचे खुशाल, पण बाईंचा निकाल फिरवायची एकाचीही छाती नव्हती.

त्या दिवशी पडद्यावर 'वादळतलवार' ही अ‍ॅनिमेशन मालिका होती. दिग्दर्शक आणि चित्रकार कोहेई उराबे, तिशीचा, पहिलीच मालिका. शेजारच्या खुर्चीत अंग चोरून बसलेला. रविवार मिळाला तर प्रायोजक तयार होते. मध्यरात्र मिळाली तर ते हात वर करणार आणि त्याच्या चिमुकल्या स्टुडिओला कुलूप लागणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि बाईंनाही.

नायक गेन्तानं राक्षसाचा हात खांद्यापासून उडवला. बाईंनी माशाचा काटा काढला आणि घास घेतला.

"रक्त काळं केलंस, बरं केलंस. तो लखलखाट तेवढा कमी कर, पोरांच्या डोळ्यांना त्रास होतो."

"राक्षस मेलेला चालेल ना, बाई?"

"मरू दे की! राक्षसच तो, त्याला काय जावई करून घ्यायचाय?"

उराबेच्या जिवात जीव आला. लढाई संपली. खरचटलेला गेन्ता घरी आला, धाकट्या बहिणीसमोर जेवायला बसला. आपल्या ताटातला माशाचा तुकडा त्यानं जेवायच्या काड्यांत धरून पुढे केला. तिनं तो आपल्या काड्यांत अलगद झेलला आणि खुदकन हसली.

बाईंचा घास घशातच राहिला. त्यांनी चित्र थांबवलं.

"या घरात कोण मेलंय?"

"कोणी नाही. उलट हा सगळ्यात आनंदाचा प्रसंग आहे."

"आनंदाचा? अरे, काडीवरून काडीवर घास देतोय तो! दहन झाल्यावर नातलग एकमेकांना अस्थी देतात तसा! ही पोर पुढे मरणार आहे आणि तू आत्ताच सुचवून ठेवतोयस, होय ना? भरल्या ताटावर असला अपशकुन? सगळ्या आज्या फोन करून करून माझे कान किटवतील!"

"मरणार नाही हो ती. शेवटपर्यंत जगते."

"मग स्टुडिओत एकालाही हे खटकलं नाही?"

"दोघं-तिघं बघून गप्प झाले खरे. मला वाटलं, आवडलं त्यांना."

दिग्दर्शकाच्या मनात काहीतरी गहन असेल म्हणून कोणी तोंड उघडलं नसणार, हे बाईंनी ओळखलं. पोरगा साळसूदपणाचा आव आणतोय असंही त्यांना वाटलं. पण त्याचा चेहरा अगदीच उतरला होता.

"सकाळपासून काही खाल्लंयस?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. बाईंनी जादा काड्यांची जोडी त्याला दिली आणि अंड्याची एक वडी आपल्या काड्यांत धरून त्याच्याकडे केली. त्यानं ती घ्यायला सरळ आपल्या काड्या पुढे केल्या. बाईंनी झटकन हात मागे घेतला.

खोटं नव्हतं. या पोराला खरंच माहीत नव्हतं.

"लहानपणी घरी कोणी हातावर चापट मारली नाही तुझ्या?"

"घरी असायचं कोण? रविवारी संध्याकाळी आई हॉटेलात भांडी घासायला जायची. दुकानातला डबा, आणि समोर याच वेळची मालिका. त्यातली माणसं जेवायला बसली की मीही झाकण काढायचो." तो ओशाळून हसला. "भरल्या घरात असंच देत असतील, असं आपलं मनानंच ठरवलं मी."

रविवार म्हटलं की इतकी वर्षं बाईंच्या डोळ्यांपुढे गोल बसलेलं घर यायचं: आजी, आई, चिवचिवणारी पोरं. एकटाच डबा उघडून बसलेलं पोर कधी आलंच नव्हतं. फार वाईट वाटलं त्यांना, स्वतःचा रागही आला.

"रविवार," त्या म्हणाल्या. "साडेपाच. सही करते मी."

उराबे खुर्चीत सरसावून बसला. "तो प्रसंग काढून टाकू?"

"काढतोस कशाला, वेड्या? साऱ्या मालिकेत तोच तर घरचा आहे. दुरुस्त कर. तिनं ताट पुढे करायचं, यानं ताटात वाढायचं. असं."

त्यांनी डब्याचं झाकण त्याच्यापुढे सरकवलं आणि वडी त्यात ठेवली. त्यानं ती हळूहळू, चव घेत खाल्ली. खिशातून पेन्सिल काढली, कागद पसरला आणि रिकामं झाकण दोन्ही हातांनी बाईंच्या पुढे केलं.

"नीट दिसलं नाही, बाई. परत एकदा दाखवता?"

चित्रकाराची नजर ती. एकदा बघितलेलं त्याला पुरेपूर दिसलं होतं. माशाचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून बाईंनी झाकणात वाढला, शेजारी भात वाढला. तो खाली मान घालून जेवत राहिला, आणि पेन्सिल कागदावर तशीच पडून होती.