कादंबरीतला संपत

कुशल मेश्रामने बायकोची कादंबरी वाचली ती किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून, चोरासारखी.

निमित्त आदल्या रविवारचं. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमधली नागपूर-अमरावतीकडची मंडळी अधूनमधून कम्युनिटी हॉल भाड्याने घेऊन बुद्धवंदनेला जमत. वंदना झाली, पानं वाढली गेली आणि सोनल उपासनाला म्हणाली, "यार, परवाचा तुझा भाग! मी ऑफिसात रडले. असा नवरा कुठे मिळतो गं?"

"मिळालाय की हिला," रीमाकाकू कुशलकडे बघत म्हणाल्या. "म्हणून तर लिहिते."

सगळे हसले. कुशलही हसला. फक्त उपासना हसली नाही. ती उठून पाणी आणायला गेली, आणि नेमकं तेच त्याला खुपलं.

उपासना दिवसा एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासायची आणि दर शुक्रवारी एका मराठी अ‍ॅपवर कादंबरीचा भाग टाकायची. नव्वदेक वर्षांपूर्वीचं नागपूर, गिरणीत काम करणारा संपत, आणि मुलींच्या शाळेत शिकवू लागलेली त्याची बायको सगुणा. कुशलला एवढंच ठाऊक होतं. प्रेमकथा वाचणं हा आपला प्रांत नाही, असं त्याने कधीच ठरवून टाकलं होतं.

आता गाडीत बसून त्याने तो भाग उघडला. सगुणा तापातून उठलेली. केसांच्या जटा झालेल्या, हात वर उचलवत नाही. संपत दाराला घोंगडी लावतो, कारण वस्तीत कुणी पाहिलं तर हसतील. कोमट पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघतो. शिकेकाई डोळ्यांत जाऊ नये म्हणून एक तळवा तिच्या कपाळावर आडवा धरतो. आणि हे सगळं करताना तो प्रेमाचा एक शब्द बोलत नाही. गिरणीतला विणायचा साचा कसा अडला, मुकादम कसा घसरून पडला, हेच सांगत राहतो. तिला आपल्या असहायपणाची लाज वाटू नये म्हणून.

कुशलने फोन उलटा ठेवला. दोन वर्षांच्या मुलालासुद्धा कळलं असतं की हे मनाने रचलेलं नाही. ते कपाळावरचा तळवा वगैरे कुणीतरी केलेलं होतं. आणि कुशलने उपासनाचे केस कधी धुतले नव्हते.

मग कुणी?

तो आठवडा वाईट गेला. कामावर, डेटा सेंटरमध्ये, सर्व्हरच्या मशिनांच्या घरघरीत उभा असताना त्याच्या डोक्यात दुसरीच घरघर चालू. लग्नाआधी पुण्यात तिचा एक मित्र होता, मिहीर. नाटकात होता म्हणे. एका दुपारी कुशल भलत्याच हॉलमध्ये शिरून भलत्याच रॅकसमोर उभा राहिला आणि सहकाऱ्याने हाक मारल्यावर भानावर आला. घरी तो आडून आडून विचारायचा. "ते सीन्स वगैरे कसे सुचतात गं?" ती म्हणायची, "सुचतात." तो स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून गॅलरीत फिरत राहायचा.

"बूड टेकव ना एका जागी," ती म्हणायची.

शनिवारी सामान घेऊन निघताना त्याच्याने राहवलं नाही. गाडी चालू केलेली त्याने बंद केली.

"संपत कोण आहे?"

"म्हणजे?"

"तो केस धुतो. तुझे केस कुणी धुतले होते? मिहीरने?"

उपासना त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं.

"तू वाचलंस?"

"तू आधी सांग."

"संपत तू आहेस, कुशल."

"मी कधी..."

"माझे नाही. बाबांचे."

त्याला क्षणभर कळेना. मग नागपूरच्या घरातली ती मोरी डोळ्यांपुढे आली. गेल्या वर्षी बाबांना, भानुदास मेश्रामांना, अर्धांगवायू झाला होता. दोघं धावत गेले होते. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, लुळा हात मांडीवर, आणि कुशल त्यांना आंघोळ घालत होता.

"मी टॉवेल घेऊन दाराशी उभी होते," उपासना म्हणाली. "तू त्यांच्या कपाळावर हात धरला होतास. आणि कुठल्याशा मॅचबद्दल अखंड बोलत होतास."

कुशलच्या छातीवरचा दगड उतरला. "म्हणजे मीच," तो म्हणाला आणि खुळ्यासारखा हसला. "अगं मग सांगायचं ना! मी इकडे आठवडाभर..."

"त्याच्या आधीच्या वर्षी माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं," ती मध्येच म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू नर्स लावलीस, डबा लावलास, इन्शुरन्सवाल्यांशी भांडलास. सगळं केलंस. मी बाथरूममध्ये वाकता येत नाही म्हणून रडत होते, आणि तू दाराबाहेरून विचारायचास, 'ओके आहेस ना?' मी हो म्हणायचे. मला वाटायचं, याला हे जमतच नाही, जाऊ दे. मग नागपूरला पाहिलं, की जमतं."

कुशलने स्टिअरिंगवर हात ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. शेजारच्या गाडीत एक बाई पोराला सीटमध्ये बांधत होती.

"आज घरी गेल्यावर मी..." त्याने सुरुवात केली.

"माझा चाप्टर कॉपी करू नकोस, प्लीज."

त्याचा चेहरा पडला. मग तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "ते तू चूक लिहिलंयस."

"काय?"

"मी बोलत होतो ते बाबांना लाज वाटू नये म्हणून नाही. मला भीती वाटत होती. त्यांचं अंग कसं हलकं झालं होतं... हाताला लागायचं ना ते. मला किळससुद्धा आली होती, पहिल्या दिवशी. माझ्याच बापाची. गप्प राहिलो असतो तर मी तिथून पळालो असतो. म्हणून बडबडत होतो." तो थांबला. "तुझ्या वेळी पण तीच भीती होती. फक्त तेव्हा मी पळालो."

उपासनाने त्याच्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत हे वाक्य तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"संपतला भीतीच वाटत नाही," ती हळूच म्हणाली, जणू स्वतःशीच. "म्हणूनच तो मला कागदी वाटत होता. सोनल रडली, पण मला लिहितानाच काहीतरी डाचत होतं."

"तो हिरो आहे तुझा."

"नुसता देव झालाय."

मागे भाजीच्या पिशव्यांत फ्रोझन पराठे पाघळत होते. त्याचा फोन वाजला, कामावरचा, ऑन-कॉल ड्यूटीचा. त्याने तो बघितला आणि वाजू दिला.

"त्या वेळी," तो म्हणाला, आणि प्रश्न कसा पुरा करावा ते त्याला सुचेना. "त्या बाथरूममध्ये. तुला काय होत होतं?"

"आता विचारतोयस?"

"हो. आता."

ती बोलू लागली, पण सलग नाही. मध्येच चिडली, मध्येच पार दुसऱ्या विषयाकडे गेली, परत आली. टाक्यांची खाज, आरशातलं पोट, आईला फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगणं. कुशलला दोनदा वाटलं, आता हिला मिठी मारावी. दोन्ही वेळा त्याला ते खोटं वाटलं, आणि तो नुसता ऐकत राहिला. ऐकणं त्याला अवघड जात होतं. पाय हलत होता, तो त्याने थांबवला नाही.

पुढच्या शुक्रवारी कादंबरीचा भाग आला नाही. वाचकांनी तक्रारी केल्या, सोनलने दोनदा मेसेज केला. त्याच्या पुढच्या आठवड्यात उपासनाने केस धुण्याचा जुनाच भाग नव्याने लिहून टाकला. त्यात संपतचे हात थरथरतात, तांब्या निसटून पडतो, शिकेकाई सगुणेच्या डोळ्यांत जाते आणि ती त्याच्यावर खेकसते. बऱ्याच जणांना तो आवडला नाही. आधीचाच बरा होता, असं रीमाकाकूंनी फोन करून सांगितलं.

या वेळी कुशलने तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, तिच्यादेखत वाचला. एका ओळीशी थांबला.

"मुकादमाचं हे वाक्य जरा लांबलंय," तो म्हणाला.

"गप रे," उपासना म्हणाली, आणि फोन त्याच्या हातातून घेऊन ते वाक्य पुन्हा वाचू लागली.