बाजार बंदची भाकर

धोंडबाच्या घरात जेवणाचा एक कायदा होता, पार त्याच्या बापापासून चालत आलेला. कळमन्याच्या बाजारात पोती उचलली त्या दिवशी गळ्याशी येईस्तोवर जेवायचं आणि बाजार बंद असला की एकच भाकर. हमालाने बसून खाणं त्याला चोरीसारखं वाटायचं. "आज काय उचललं म्यां, म्हून खाऊ?" असं म्हणत तो ताट सरकवायचा. त्याची बायको पंचफुला आधी आधी चिडायची, मग तिलाही ते पटलं. न पटून सांगते कोणाला? लग्नापासून एकच गोष्ट कानावर पडली की कोणालाही ती खरीच वाटायला लागते.

उन्हाळ्यात सायकल घसरली आणि धोंडबाचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी आराम सांगितला, खायला नीट घाला म्हणून बजावलंही. पण पलंगावर पडलेल्या माणसाला आता रोजच बाजार बंद! अर्धी भाकर खाल्ली की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा.

"खा न जी थोडं," पंचफुला म्हणायची.

"कायले? पडून तं राहिलो. तू मिरच्या निवडून येतं, थे तू खाय."

आणि तिने ती खाल्ली हो! दिवसभर मजुरीवर मिरचीच्या ठसक्यात बसून आलेली बाई, भुकेने जीव कासावीस झालेला आणि समोर अर्धी भाकर उरलेली. पडून राहणाऱ्याला भूक कुठून लागणार, असं तिने मनाला समजावलं आणि रोज खाल्ली.

धोंडबा वाळत गेला. ज्या खांद्यांवर तुरीची पोती डुलत जायची, त्यांची हाडं वर आली. शेजारच्या बाया म्हणाल्या, वय झालं आता. वय कसलं डोंबलाचं! पन्नाशी नुकती कुठे उलटली होती. मग पाठीला पडून पडून जखम झाली, ती चिघळली, अंगात ताप भरला आणि त्याला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं.

तिथे सोनिका नावाची मुलगी रोग्यांचं खाणंपिणं बघायची. ती स्टूल ओढून बसली आणि धोंडबा घरी काय काय खायचा म्हणून विचारू लागली. पंचफुलाने सगळं सांगितलं. आपला नवरा हावरा नाही, हे सांगताना तिला थोडा अभिमानही वाटला.

सोनिका रागावली नाही. ती धोंडबाकडे वळली. "काका, तुमी झोपता तवा तुमचं काळीज थांबते का? श्वास चालते, डोकं चालते, अंग गरम राहते. आपण खातो त्यातलं अर्ध्याच्या वर यातच जाते, नुसतं पडल्या पडल्या. पोती उचलली का त्याच्यावर आणखी लागते. अन् तुमाले तं मोडलेलं हाड जोडाचं होतं, जखम भराची होती. वरून खाणं आलं नाही, म्हून शरीरानं तुमचंच मांस वापरलं."

उरलेली अर्धी भाकर रोज आपल्याच पोटात गेली, हे मात्र पंचफुलाने सांगितलं नव्हतं.

धोंडबा हळूच म्हणाला, "म्हंजे पोरी, मी काम करूनच राहिलो होतो?"

"हो काका. रात्रंदिवस."

त्याच्या डोळ्यांतलं पाणी कानांत ओघळलं. "अन् मले लाज वाटे वं. बायकोच्या जिवावर बसून खाणं म्हून घास घशातच अडके." त्याने पंचफुलाचा हात धरला. "चून-भाकर आण वं उद्या. पोटभर जेवतो."

दुसऱ्या दिवशी ती पिठलं-भाकरीचा डबा घेऊन धावतच आली. त्याने घास घेतला, चघळला, आणि तो काही खाली उतरेना. भाकर दुधात कुस्करून दिली, वरणाचं पाणी पाजलं. नळीतूनही खाणं सुरू झालं. पण जखमेचं विष रक्तात भिनलं होतं आणि अंगात झुंजायला काही शिल्लकच नव्हतं.

"भूक हाय वं," तो म्हणायचा, "लय भूक हाय. पण घास जाऊन नाही राहिला."

जन्मभरात पहिल्यांदा तो असं खायला मागत होता. पंचफुला बोटाने थोडं थोडं त्याच्या ओठांना लावत बसायची. एका दुपारी तिने असंच बोट लावलं, तर ओठ हललेच नाहीत. डॉक्टर आले, नाडी बघितली आणि चादर वर ओढून गेले.

वॉर्डातली बाई त्याच्या जेवणाचं ताट उचलायला वाकली. पंचफुलाने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"थांब न वं माय," ती म्हणाली, "थे जेवून राहिले अजून."