ओदर्नातच्या वाटेचं वळण

कोनिंग पंडित नदी ओलांडून आमच्याकडे आला तो ओदर्नातच्या सणाच्या चार दिवस आधी, आणि आल्या आल्या त्याने आमच्या या संतिणीच्या बापाचं नाव विचारलं. पाणी नाही, ताक नाही, आधी बाप.

"मला काय ठाऊक?" मी म्हटलं. "मी तिच्या बारशाला नव्हते."

"प्रत्येक संताला वंशावळ असते, बाई. ती नसेल तर मी पोथीत लिहू काय?"

"लिहा, दूनलाने ताक दिलं. ते तरी खरं असेल."

मी दूनला. किल ओदर्नातच्या, म्हणजे ओदर्नातच्या चर्चच्या, घंटेची राखणदार. माझ्या आधी माझा बाप, त्याच्या आधी त्याची आत्या, अशा नऊ पिढ्या मागे जातात. घंटा दिसायला फार काही नाही. लोखंडी पत्रा ठोकून केलेली, वर ब्राँझचा मुलामा, गाईच्या गळ्यातल्या घंटेहून जराशी मोठी. पण इथे तंटा झाला की माणसं तिच्यावर हात ठेवून शपथ घेतात, आणि खोटी घेतली तर वर्षाच्या आत तोंड वाकडं होतं. पवित्र ग्रंथावर हात ठेवून खोटं बोललेली चार माणसं मी तुम्हाला आत्ता दाखवीन. घंटेवर खोटं बोललेलं एकही नाही. आमच्या मातीच्या बांधाच्या आत कोणी जीव घेऊन पळत आलं तर त्याला बाहेरून कोणी हात लावत नाही, तेही या घंटेच्या धाकामुळे.

हे सगळं आता जाणार होतं. नदीपलीकडच्या मोठ्या मठाचं म्हणणं असं की ओदर्नात ही त्यांच्या संताची शिष्या. म्हातारपणी ती त्यांच्याकडे परत गेली, तिथेच वारली, तिथेच पुरली. आणि जिथे संताचा देह नाही त्या जागेला स्वतःचा मान नाही. तिची जमीन, तिची घंटा, तिचं अभय, सगळं ज्यांच्याकडे देह त्यांचं. त्यांचे मठाधिपती सणाच्या दिवशी येऊन घंटा घेऊन जाणार होते. कोनिंगला पुढे पाठवलं होतं आमची बाजू लिहून घ्यायला, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की विचारलंच नाही.

आमची बाजू म्हणजे आमचा पाद्री फेर्गिलबाबा. वय ऐंशीच्या पुढे, एक कान गेलेला, दुसरा जायच्या बेतात. कोनिंग मेणाची पाटी मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसला.

"बाबा, ओदर्नातने चमत्कार कोणते केले?"

"गाई राखायची."

"तो चमत्कार नाही."

"आमच्या गाई राखून बघ."

कोनिंगने कपाळाला हात लावला. मग आमच्याकडे वळून त्याने मोठ्या मठाच्या संताचं सांगायला सुरुवात केली. त्यांनी म्हणे काठी मारून नदी दुभागली आणि कोरड्या पायाने पार गेले.

"मग तुम्ही पूल कशाला बांधलात?" आमचा लोहार दुवान दारातून म्हणाला. मी हसले. कोनिंगने ते लिहून घेतलं नाही.

हसले खरी, पण घंटेची पिशवी मी मांडीवर ओढून घेतली. मला मूल उरलेलं नाही. एक मुलगी होती, चार वर्षांची होऊन गेली. माझ्यानंतर घंटा भाचीला द्यायची हे मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. आता नऊ पिढ्यांनी सांभाळलेली वस्तू माझ्या हातून कोणी काढून नेणार, आणि तिच्या बाजूने बोलायला माझ्याकडे एक बहिरा म्हातारा आणि एक टवाळ लोहार.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी मी कोनिंगला प्रदक्षिणेची वाट दाखवायला नेलं. बांधाच्या कडेने सूर्य फिरतो त्या दिशेने तीन फेऱ्या, बस. फेर्गिलबाबा आणि दुवान मागून येत होते. पूर्वेकडे हॉथॉर्नच्या काटेरी झुडपापाशी आलो आणि आम्ही तिघेही बोलायचे थांबलो. वाट तिथे बांध सोडते, गवताच्या एका लांबट पट्ट्याला वळसा घालते आणि बारा-पंधरा पावलांनी पुन्हा बांधाला लागते. तेवढं अंतर आम्ही टाच न आपटता चालतो. बायका कडेवरचं रडतं मूल आधी शांत करतात आणि मगच पुढे जातात. त्या पट्ट्यात कोणी गुरं सोडत नाही की कुदळ घालत नाही. पलीकडचा दगड आला की बोलणं जिथे तुटलं तिथून पुढे सुरू.

कोनिंग मात्र मधेच उभा राहून मोठ्याने म्हणाला, "हे वळण कशासाठी?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"इथे तर काहीच नाही! तीनशे वर्षं तुम्ही रिकाम्या गवताला वळसा घालताय?" आणि तो सरळ गवतातून चालू लागला. मधोमध पोचला तेव्हा त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला.

दुवानने त्याला काखेत धरून वर ओढला. नडगी सोलली होती. पण त्याचं लक्ष पायाकडे नव्हतं, तो खड्ड्यात बघत होता. गवताखाली माती वीतभर, आणि मातीखाली दगडाची घडवलेली कड.

"शिळा आहे," तो म्हणाला. या वेळी अगदी हळू. "बाई, ही कोणीतरी बसवलेली शिळा आहे."

मला त्याचा असा राग आला होता की त्याला तिथेच परत गाडावा. पण शिळा मलाही दिसत होती.

"उघडायला हवी," कोनिंग म्हणाला. "देह इथे असेल तर उद्या तुमची घंटा तुमच्याकडे राहील. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

"उघडायची नाही," दुवान म्हणाला. त्याच्या तोंडी आता थट्टा नव्हती. "माझ्या आजीने मला इथे धावल्याबद्दल फोडून काढलं होतं."

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. निवाडा राखणदाराचा असतो. जिथे आमच्या बायका पाऊलही वाजू देत नाहीत तिथे मी पहार लावायला सांगू? आणि नाही सांगितलं तर उद्या संध्याकाळी काय राखत बसू? मी फेर्गिलबाबाच्या चांगल्या कानाला तोंड लावून विचारलं.

"विचारून उघड," तो म्हणाला. "कोणाच्या घरात जाताना विचारतो तसं."

मी गुडघे टेकले, गवतावर हात ठेवला आणि म्हटलं, "ओदर्नातबाई, आत येतोय." त्याहून शहाणं काही मला सुचलं नाही.

दुवानने माती काढली, शिळेखाली पहार घातली. ती आवाज न करता सरकली. दुसरीही सरकली. तिसरी आम्ही चौघांनी मिळून उचलली. सकाळचं तिरपं ऊन सरळ आत पडलं.

मधोमध एक बाई उताणी निजली होती, पाय उगवतीकडे. हाडं मधासारखी पिवळी, जागच्या जागी. आणि तिच्या दोन्ही अंगांना, ओळीने, लहान मुलं. सगळ्यांची डोकी तिच्याकडे वळवलेली. काही सात-आठ वर्षांची असतील. काहींच्या मांडीचं हाड माझ्या करंगळीएवढं. मला माहीत आहे ती हाडं केवढी असतात. सगळ्यात धाकटं तिच्या डाव्या दंडावर होतं, आणि तिच्या पंजाची बोटं त्याच्या डोक्याखाली होती. निजवताना आपण धरतो तशी.

दुवान मान फिरवून उभा राहिला. मी मोजली. अकरा होती.

"पिवळी साथ," शेवटी फेर्गिलबाबा म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. "घरंच्या घरं बसली होती तेव्हा. आईबाप आधी गेले. पोरं उरली, त्यांना कोणी दारात उभं करेना. ओदर्नातने घेतली ती, माझ्या गुरूंनी सांगितलं होतं मला. मी म्हटलं, असेल कुठली तरी गोष्ट."

म्हणजे तिने ती खरंच घेतली होती. दुसऱ्यांची, पिवळी पडलेली, जवळ घेतली की आपणही जाणार हे दिसत असताना. काठी मारून नदी दुभागली नाही तिने. अकरा पोरांना जवळ घेऊन निजली. आणि कोणीतरी उरलं असणार, कारण या शिळा आपल्या आपण आल्या नाहीत. एखादं बारावं पोर. तेच पुढे वाढलं असेल, त्यानेच आपल्या मुलांना सांगितलं असेल की इथून हळू जा, ती निजलीत. मग ती निजलीत हे लोक विसरले, कोण ते विसरले, तिच्या बापाचं नाव विसरले. हळू जायचं तेवढं विसरले नाहीत. आमच्या पायांना ठाऊक होतं आणि आम्हाला नव्हतं.

कोनिंग खाली उतरला होता. त्याने हात पुढे केला. पुरावा म्हणून एखादं हाड लागणार होतं. मठाधिपतींसमोर ठेवायला, पुढे चांदीच्या पेटीत घालायला. संतांच्या अस्थी अशाच वर काढतात, मोठ्या मठात तशा दहा पेट्या आहेत. त्याचा हात त्या पंजापाशी गेला. ती बोटं काढायची तर आधी ते डोकं उचलायला हवं होतं.

त्याने हात मागे घेतला. पुन्हा नेला. पुन्हा मागे घेतला.

"मला नाही जमत, बाई," तो म्हणाला. "तुम्ही काढा."

"काढते की," मी म्हटलं. "तुमच्या लेकराच्या डोक्याखालून तुमच्या बायकोचा हात काढायला मला बोलवा, तेव्हा काढीन."

दुपारच्या आत आम्ही शिळा परत बसवल्या, माती ओढली, गवताच्या खापा होत्या तशा रचल्या. मग लक्षात आलं की दाखवायला आपल्याकडे आता काहीच नाही.

"मी शपथ घेईन उद्या," मी म्हटलं.

कोनिंगने नकारार्थी मान हलवली. आमच्याकडे शपथेला माणसाच्या दर्जाचं वजन असतं. माझ्यासारख्या बाईची धरतच नाहीत. लोहाराची मठाधिपतींपुढे टिकत नाही आणि खेड्यातल्या पाद्र्याचीही नाही. पंडिताची मात्र राजाच्या बरोबरीने चालते. हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. तो त्यांचा माणूस होता. येत्या ईस्टरला त्यांच्या पोथीशाळेचा प्रमुख व्हायचा होता. मी काही मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं.

सणाच्या दिवशी मठाधिपती वीस घोडेस्वार घेऊन आले. फाटकाबाहेर उतरले, आत आले, आमच्या भाकरीचं कौतुक केलं. माणूस वाईट नव्हता. मग त्यांनी विचारलं, "कोनिंग, काय आढळलं?"

"ओदर्नात इथेच आहे, महाराज."

"आपल्या पोथीत ती आपल्याकडे आहे."

"पोथी चुकली आहे."

गर्दीत कुजबुज झाली. मठाधिपतींचा चेहरा कडक झाला. "अस्थी दाखव."

"आणल्या नाहीत."

"पाहिल्या म्हणतोस, आणि आणल्या नाहीत? मग तुझ्या बोलण्याला आधार काय?"

कोनिंग माझ्याकडे वळला. "दूनलाबाई, घंटा द्या."

मी ती कातडी पिशवीतून काढली. काढताना आतली जीभ आपसूक एकदा वाजली. त्याने तिच्यावर तळवा ठेवला.

"विचार कर," मठाधिपती हळू आवाजात म्हणाले, पण मी जवळ होते. "हात ठेवून बोललास तर मला ते मानावं लागेल. आणि मग तुला पोथीशाळेत जागा नाही. एक हाड उचललं असतंस तर ही वेळ आली नसती."

"खरं आहे, महाराज."

"मग का नाही उचललंस?"

कोनिंगने पूर्वेकडे, हॉथॉर्नच्या झुडपाकडे पाहिलं.

"ती एकटी नाहीये," तो म्हणाला. "तिच्या हातावर मूल निजलंय."

मग कोनिंगने सगळ्यांना ऐकू जाईल असं शपथेचं वाक्य उच्चारलं, आपलं नाव, आपल्या बापाचं नाव, आणि पाहिलं ते.

शपथ संपली तरी त्याचा हात घंटेवरच होता. मठाधिपतींनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला. पिवळे डाग पडलेला म्हातारा हात.

"किती मुलं?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"लिही," ते म्हणाले. "बापाचं नाव माहीत नसलं तरी चालेल. लिही, ओदर्नात, अकरा लेकरांची आई."